शिकमची रेघ

आमदारसाहेबांच्या पहिल्या स्मृतिदिनाच्या अंकासाठी मला आठवणी लिहायला सांगितलं आहे. सर्वांत जुने स्नेही म्हणून. त्यांच्या मुलाने फोनवर सांगितलं, ‘काका, जरा चांगलं चांगलं लिहा.’ मी लिहितो आहे ते छापलं जाणार नाही, हे मला माहीत आहे.

मी जमीन मोजणी खात्यात होतो. ते परभणीकडून बायकोला घेऊन हैदराबादला आले आणि शहराबाहेरच्या एका तलावात शेती करू लागले. तलावातच. उन्हाळ्यात पाणी मागे सरकलं की जी गाळाची जमीन उघडी पडते तिला आमच्याकडे शिकम म्हणतात. तिच्यात काकडी, खरबूज लावायचं आणि पाणी परत आलं की मुकाट्याने उठायचं, असा जुना रिवाज. कचेरीत मराठी बोलणारा मी एकटा, म्हणून त्यांचे अर्ज मी लिहायचो. बरकतपुऱ्यातल्या आमच्या घरी ते टोपलीभर काकड्या ठेवून जायचे. त्यांच्या मागोमाग त्यांच्या मुलखातली माणसं आली, पत्र्याखाली राहू लागली. त्यांच्या मतांवर ते नगरसेवक झाले.

लागोपाठ तिसऱ्या कोरड्या वर्षी, मे महिन्यात, त्यांनी मला तलावावर नेलं. मधोमध थोडंसं हिरवं पाणी उरलं होतं. त्याच्या भोवती गेल्या पावसाळ्यांत पाणी चढलं होतं तिथली खूण होती; तिच्याकडे त्यांनी बोट दाखवलं.

“साहेब, तीन सालं झाली. पाणी ह्याच्या वर आलंय का?”

“नाही आलं. पण पाऊस झाला की येईल.”

“येईल म्हणून लिहित्यात व्हय? तुम्ही मोजणीवाले का जोशी? दिसतंय ते लिहा की.”

बरोबरची माणसं हसली. मीही हसलो.

तलावाची हद्द सांडव्याच्या, म्हणजे भरलेला तलाव जिथून वाहतो त्या जागेच्या उंचीवरून धरायची असते, कोरड्या सालांच्या पाण्यावरून नाही. हे मला पाठ होतं. तरी मी सांडव्याकडे गेलो नाही. त्या खुणेवरून रेघ ओढली आणि टिपणात लिहिलं : गेली तीन वर्षे पाणी या रेषेवर आलेले नाही. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. मला कोणी काही दिलं नाही. त्यांनीही स्वतःसाठी मागितलं नव्हतं, आपल्या माणसांच्या डोक्यावर छप्पर हवं होतं त्यांना. म्हणूनच ते इतकं सोपं गेलं.

रेघेबाहेरची शिकम कागदावर कोरडी जमीन ठरली आणि तिच्यावर वसाहत उभी राहिली. तिनेच पुढे त्यांना विधानसभेत पाठवलं. स्वतःचं घर मात्र त्यांनी सांडव्याहून उंच, टेकाडावर बांधलं. वास्तुशांतीला मी पोटभर जेवलो.

आता वसाहतीत त्यांच्या नावाची शाळा होते आहे, अगदी खोलगट जागी. गेल्या आठवड्यात काचीगुड्याहून बस धरून बघायला गेलो. एप्रिलचं ऊन, आणि पायाच्या खड्ड्यांत गुडघाभर पाणी.

“पाइप लीक है चाचा,” मिस्त्री म्हणाला.

शेजारच्या दारात एक बाई तांदूळ निवडत होती. “कसला पाइप! आमच्या घरातल्या फरश्या दर पावसाळ्यात खालच्या पाण्यानं वर येत्यात. पोरं वर्गात असताना आलं म्हंजे?”

मी तिला सांगितलं, ही जागा तलावाची आहे. कागदावरून तलाव मी पुसला.

तिने सूप खाली ठेवलं.

“सासरा म्हणायचा, ही जमीन आपली न्हाई, उसनी हाय. आम्ही हसायचो त्याला.” मग म्हणाली, “लिहून द्या तसं, सही करून. शाळा तरी थांबंल. आन् आमची घरं पाडायला येतील तवा कुठं जायचं, ते बी लिहा.”

पहिलं लिहून झालं आहे : सांडव्याची खरी उंची, माझी मोजणी, माझी सही. उद्या कचेरीत नेऊन देणार आहे. दुसरं लिहायला रोज बसतो आणि कागद कोराच राहतो. पावसाळ्याला सात आठवडे आहेत.