इक्बालनं हात न लावलेली गाडी

बातमी आली तेव्हा मी मुरुडला एका ठोकलेल्या गाडीच्या बॉनेटखाली डोकं घालून उभा होतो. विमा कंपन्यांसाठी अपघाती गाड्यांची पाहणी करणं हा माझा धंदा. लोक मला सर्व्हेअर म्हणतात, आणि फारसं प्रेमानं म्हणत नाहीत. फोन इक्बालच्या घरून, भाभींचा होता. "भाऊ, हे गेले... सकाळी नमाज पढून चहा घेत होते." मी बरं म्हणालो. बरं काय म्हणालो कोण जाणे. फोन खिशात ठेवला, रेडिएटरचे राहिलेले दोन फोटो काढले, मापं लिहिली आणि मग गॅरेजवाल्यानं पुढे केलेल्या स्टुलावर बसलो. हा क्रम सांगताना मला संकोच वाटतो, पण तो तसाच होता. आगरदांड्याला बोटीसाठी तासभर थांबावं लागलं. म्हसळ्याला पोहोचलो तोवर दफन होऊन गेलं होतं. कब्रस्तानात कोणीतरी मला जागा दाखवली, मी तीन मुठी माती टाकली आणि परत आलो.

इक्बाल आणि मी म्हसळ्याच्या शाळेत एका बाकावर. दहावीनंतर मी कागदांच्या वाटेला लागलो, तो पान्यांच्या. पुढे तो आखातात गेला आणि चौदा वर्षं तिथल्या एका गॅरेजात टर्बो गाड्यांची ताकद वाढवत राहिला. हे काम काय असतं ते मला त्यानं एकदा चहाच्या टपरीवर समजावलं होतं. गाडीचा धूर बाहेर जाताना एक पंखा फिरवतो, तो पंखा इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. लोहाराचा भाताच म्हणायचा. हवा जितकी गार तितकी जास्त मावते. मग हवेच्या मानानं डिझेल किती आणि कधी सोडायचं ते लॅपटॉप जोडून गाडीच्या कॉम्प्युटरला शिकवायचं. "लोकांना वाटतं लॅपटॉपचीच कमाल हाय," तो म्हणायचा. "अरे, आधी तिचा श्वास मोकळा कर. नाक चोंदलेल्याला पळ म्हणून काय उपयोग?"

परत आल्यावर त्यानं श्रीवर्धन रस्त्याला पत्र्याची शेड टाकली. सुट्टीवर आलेली आखातातली मंडळी, हरिहरेश्वरला पर्यटकांना नेणारे गाडीवाले, सगळे त्याच्याकडे येऊ लागले. काम करताना तो बोलत नसे. लॅपटॉप मांडीवर घेऊन शेजारच्या सीटवर बसायचा, मालकाला चढावर गाडी न्यायला लावायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. मध्येच "थांब" म्हणायचा, दोन आकडे बदलायचा, परत खालून सुरुवात. एकाच चढावर आठ-आठ फेऱ्या व्हायच्या. गाडीवाल्याचा जीव मेटाकुटीला यायचा आणि याच्या चेहऱ्यावरची माशी हलत नसे. मला हे सगळं पोरखेळ वाटायचं आणि मी ते त्याला तोंडावर सांगायचो. तोही मला मुडद्यांचा डॉक्टर म्हणायचा.

त्याची चूक झाली ती नासिरच्या गाडीत. नासिर म्हणजे भाभींचा धाकटा भाऊ, कुवेतला नोकरीला. दोन महिन्यांच्या सुट्टीवर आला होता आणि नवी कोरी टर्बो डिझेल घेतली होती. मेहुण्याची गाडी म्हणून इक्बालनं हात राखला नाही. कंपनीचा एअर फिल्टरचा डबा काढला, उघडा गोल फिल्टर बसवला आणि हवेचा पाइप खाली, पुढच्या बंपरच्या आत नेला. आखातात असंच करतात. तिथे बॉनेटखाली भट्टी असते, गार हवा मिळते ती खालीच. गाडी पळायला लागली ती पळायलाच लागली. पण आपल्याकडे श्रावणात पुनवेच्या उधाणाला खाडीकाठच्या रस्त्यावर पाणी चढतं. पोटरीभर पाणी असतं, आम्ही सगळे त्यातून बिनदिक्कत गाड्या घालतो. नासिरनंही घातली. कंपनीचा पाइप पार वर असतो, त्याला काही झालं नसतं. इक्बालच्या पाइपनं हवेऐवजी पाणी ओढलं, इंजिन जागच्या जागी अडकलं आणि आतले दांडे वाकले. खाडीच्या काठावर वाढलेला हा माणूस, लहानपणी तिथी मोजून कालवं काढायला जाणारा... चौदा वर्षांत तो पाणीच विसरून गेला होता.

नासिरच्या विम्यात इंजिनात पाणी शिरण्याचं संरक्षण होतं. म्हणजे पैसे मिळाले असते, गाडीत न कळवता बदल केलेला नसता तर. आणि पाहणीला या पट्ट्यात मीच. मित्राचं काम आहे, दुसऱ्याला पाठवा, असं मी कंपनीला कळवायला हवं होतं. कळवलं नाही. का नाही, ते मी स्वतःलाही नीट विचारलेलं नाही. आदल्या संध्याकाळी मात्र मी इक्बालला फोन केला, उद्या अकराला येतोय म्हणालो. मी कधीच कोणाला असा फोन करत नाही. कंपनीचा मूळ डबा त्याच्या फळीवर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेला होता. परत बसवायला अर्धा तास पुरे.

अकराला त्याच्या शेडवर पोहोचलो, गाडी तिथेच ओढून आणलेली होती. त्यानं स्वतःच बॉनेट उघडलं. उघडा फिल्टर जिथल्या तिथे होता, पाइप खाली गेलेला होता, आणि डबा शेजारच्या टेबलावर पुसून ठेवलेला होता.

"सुध्या, फोन कशाला केलास ते समजलं मला," तो म्हणाला. "डबा फळीवरून काढला पण होता. मग म्हटलं, ह्याला काय सांगू? गाडी बघ म्हणू का नको बघू म्हणू? बघ आता, काय हाय ते लिही."

मी लिहिलं. पाहणीचा अहवाल अडीच पानांचा झाला. क्लेम नामंजूर झाला. नासिर गाडीविना कुवेतला परत गेला आणि जाताना बहिणीशी भांडून गेला. इक्बालनं ते इंजिन पूर्ण उघडलं आणि सहा आठवडे इतर कामं बंद ठेवून पुन्हा उभं केलं. भाभी माझ्याशी दोन वर्षं बोलल्या नाहीत. मी शेडवर गेलो की चहा यायचा, पण घरून नाही, टपरीवरून. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. माझं चुकलं असंही वाटत नाही. पण आपल्या हातून एखाद्याचं घर दुखावलं, ही गोष्ट बरोबर-चूक ठरवून संपत नाही, आणि मला ती रोज टोचत होती.

इक्बाल त्यावर एक अक्षर बोलला नाही. त्याचं काम मात्र बदललं. हवेचा पाइप आता वर जायचा, मडगार्डच्या कडेनं. इंजिनाची गरम हवा अडवायला तो मध्ये पत्र्याचा आडोसा ठोकायचा. थोडी ताकद कमी मिळायची, ती कमीच ठेवायचा. लॅपटॉपशेजारी भिंतीवर भरती-ओहोटीचं वेळापत्रक लागलं. नवा माणूस गाडी घेऊन आला की आधी एकच प्रश्न, "उधाणाला कुठल्या रस्त्यानं जातोस?" पुण्या-मुंबईची पोरं हसायची. एकाला तर त्यानं तेवढ्यावरून परत पाठवला. त्या पोराला खाडी कुठे आहे तेच माहीत नव्हतं.

पुढे मी स्वतः टर्बो डिझेल घेतली. गाडी चांगली, पण माणगावकडच्या चढावर खालच्या वेगात तिचा जीव जायचा. पाय दाबला तरी दोन क्षण काहीच घडत नसे. तोवर माझं पोरखेळाचं मत बदललं होतं, म्हणजे गरज पडल्यावर बदलतं तसं. मी इक्बालला म्हटलं, कर बाबा काहीतरी. तो गाडी घाटात नेऊन आला, बॉनेटवर तळवा ठेवून उभा राहिला.

"खाली दम न्हाय हिला. सकाळी आणलीस तर दुपारपर्यंत पाखरू करून देईन," तो म्हणाला. "पण करणार न्हाय."

"का?"

"उद्या हिचाच क्लेम करायची वेळ आली तर फॉर्मवर काय लिहिशील?"

"जे असेल ते."

"मग घेऊन जा गाडी," असं म्हणून तो दुसऱ्या कामाला लागला.

मी दर वर्षी विचारत राहिलो, तो दर वर्षी नाही म्हणत राहिला. सगळ्या तालुक्याच्या गाड्या सुसाट आणि बालमित्राची गाडी दमेकरी, यावरून आमची भरपूर चेष्टा झाली. मीही हसायचो. पण आत मला पक्कं वाटायचं की हा नासिरच्या गाडीचा हिशेब आहे. त्यानं मला माफ केलेलं नाही, भांडायचं नाही म्हणून असा चिमटा काढतो आहे. एकदा सरळ विचारावं, असं कितीदा मनात आलं. विचारलं नाही. पन्नाशी ओलांडलेली माणसं असलं काही विचारत नाहीत, आणि मग वेळ निघून जाते.

इक्बालच्या चाळिसाव्या दिवशी मी म्हसळ्याला गेलो. जेवणं झाल्यावर भाभी बाहेर आल्या. शेड कोणाला चालवायला द्यावी याबद्दल बोलत होत्या. मग म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या गाडीचं काम मात्र कोणाला करू देऊ नका. हे सगळ्यांना सांगून ठेवायचे. म्हणायचे, सुध्यानं एकदा माझ्यापायी खरं लिहिलं, तेव्हा रात्रभर झोपला नसेल तो. परत त्याच्यावर ती पाळी मी आणणार न्हाय."

मी मान हलवली. "नासिरनं सलाम सांगितलाय," एवढं सांगून त्या आत गेल्या.

परतताना घाटात गाडीनं नेहमीच्या वळणावर दम टाकला. मागून एक गाडी आली, हरिहरेश्वरहून परतणारी असावी. चढावर तिचा आवाज जराही खाली आला नाही, त्यावरून ती कोणाच्या हातची ते कळलं. मी बाजूला सरकून तिला वाट दिली, दुसरा गिअर टाकला, पाय पूर्ण दाबला. दोन क्षण काहीच घडलं नाही. त्या दोन क्षणांत मला इतकं रडू आलं की गाडी कडेला घेऊन थांबवावी लागली.