वहिनीची मिसरी
लवंगेच्या तेलाचा वास आला की मला सांगलीतला दातांचा तो जुना दवाखाना आठवतो. मी तेव्हा कॉलेजात होते. फौजेतला भाऊ सुट्टीवर यायचा होता आणि नेमकी वहिनीची दाढ ठणकायला लागली, म्हणून मी तिला घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, "दाढ काढतोच आहे, तर तंबाखूच्या मिसरीनं काळे पडलेले दातही पांढरे करून देतो. मात्र मिसरी कायमची सोडावी लागेल." वहिनीनं आरशात तोंड फिरवून फिरवून पाहिलं आणि लाजली. "घ्या की करून, दादा खूश होईल," मी म्हटलं. तिनं आरशावरची नजर काढली. मग हळूच म्हणाली, "लय बरं दिसंल, वन्सं. पर सकाळी मिसरी लावाय बसतो, तवाच तुमच्या आई माज्यासंगं चार शब्द बोलत्यात. बाकी दिसभर नुसती कामं सांगत्यात." नुसती दाढ काढून आम्ही परतलो. दुसऱ्या दिवशी गाल सुजल्यामुळे तिला मिसरी लावता येईना, तरी ती आईशेजारी जाऊन बसलीच. परवा माझ्या डॉक्टरांनी मलाही दात पांढरे करायचे का विचारलं. मी लगेच हो म्हटलं. सकाळी माझ्याशेजारी येऊन बसणारं तसं कुणी नाही.