अंधारातला आकडा
काळ्या चिकटपट्टीचा वास आला की आमच्या प्रयोगशाळेतली एप्रिलमधली एक दुपार आठवते. टेबलावरच्या बंद पेटीत नखाएवढी सिलिकॉनची चकती होती. प्रकाशाचा एकेक कण तिच्यावर पडला की पडद्यावरचा आकडा वाढायचा. शेजारच्या बॅटऱ्यांच्या खोलीत डबा खाणारे शिपाईमामा दारातून डोकावले, "अहो, आत फार उकडतंय आज." मी मान वर न करता म्हणालो, "एप्रिल आहे मामा, बर्फ पडायचा नाही." ते परत आपल्या डब्याकडे गेले आणि थोड्या वेळाने पेटी बंद असूनही आकडा वाढायला लागला. "कुठूनतरी उजेड शिरतोय," आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या. आम्ही दोघं फटी बुजवत सुटलो, खिडकीला काळं कापड, दाराखाली टॉवेल, पट्टीवर पट्टी. आकडा दुप्पट झाला, मग चौपट. शेवटी मॅडमचा हात पेटीमागच्या भिंतीला लागला आणि त्यांनी तो चटकन मागे घेतला. चकती तापली की अंधारातही आकडे देते, हे आम्हा दोघांनाही तोंडपाठ होतं; उजेड शोधण्याच्या नादात एकालाही सुचलं नाही. भिंतीपलीकडे बॅटऱ्या फुगल्या होत्या, खोली आंबट धुराने भरली होती आणि मामा जेवून चटईवर आडवे झाले होते. ओढून बाहेर काढलं तेव्हा श्वास चालू होता. आवाज मात्र कायमचा बसला. परवा मंडईत भेटले, तेव्हा त्याच घोगऱ्या आवाजात त्यांनी विचारलं, "काय साहेब, पडला का बर्फ?"