चौदा पडद्यांचा संगणक

नाव: बिरदेव सिद्धू खरात. पद: प्रयोगशाळा परिचर, माध्यमिक शाळा, आष्टा. सेवा: अठरा वर्षे, अखंड. कर्तव्ये: बाटल्या धुणे, तक्ते रंगवणे व वरिष्ठ सांगतील ते. हस्ताक्षर: उत्तम. संगणकाचे ज्ञान: निरंक.

शेवटचा रकाना १९९८ साली, शाळेत संगणक आल्यावर वाढवण्यात आला. तोवर पोरांचे सगळे प्रकल्प बिरदेवच्या ब्रशातूनच बाहेर पडत. नववीतल्या समीक्षाला मात्र ब्रश लागला नाही. खतासाठी मेंढरं बसवलेल्या रानातला शाळू आणि न बसवलेल्या रानातला शाळू तिनं चौदा आठवडे मोजला होता, आणि ती मोजणी संगणकाच्या चौदा पडद्यांत मांडली होती. कळ दाबली की नवा पडदा खालून वर सरके आणि शाळू वाढल्यासारखा दिसे. हेडमास्तर लालासाहेब खूश झाले. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाच्या अर्जात त्यांनी स्वतःच्या हातानं 'संगणकीय सादरीकरण' असं लिहिलं.

तीन दिवस उरले तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, की संगणक जडवस्तू नोंदवहीत आहे आणि त्यांच्या सहीशिवाय शाळेबाहेर जात नाही. सही करायची त्यांची छाती होईना. अर्ज बदलायची मुदत उलटली होती. अर्ज बाद, म्हणजे चौदा आठवडे बाद.

समीक्षा प्रयोगशाळेत येऊन बसली. "बिरूमामा, आता वं?"

बिरदेव बाटली पुसत होता. "पडदं चौदाच हायती न्हवं?"

दोन दिवस तो संगणकापुढं ड्रॉइंग शीट पसरून बसला. संगणकाला हात लावायची त्याला परवानगी नव्हती. कळा समीक्षा दाबायची. जे दिसलं ते त्यानं उतरवलं. खालची करडी पट्टी, बटणं, कोपऱ्यातलं घड्याळसुद्धा. एका पडद्याला पाऊण तास लागे, त्यामुळं दर शीटवर वेळ वेगळी.

"आवं मामा, ह्यो बाण कशाला काढला? त्यो माऊसचा हाय."

"असंल. ततं व्हता, काढला."

प्रदर्शनात लाकडी चौकट उभी राहिली. मागं बिरदेव, पुढं समीक्षा. ती "पुढं" म्हणाली की शीट खालून वर येई, अगदी संगणकाच्या चालीनं. परीक्षक बाईंनी सातवा पडदा पुन्हा मागितला. चौकटीमागून आवाज आला, "जरा दम धरा, बाई. हुडकतोय."

"तुमचा संगणक फार सावकाश चालतो."

"जुना हाय, बाई," समीक्षा म्हणाली. "अठरा वर्सांचा."

बाईंनी वाकून मागं पाहिलं. मग अर्ज पाहिला. मग सातव्या आठवड्यात शाळू दोन्हीकडं का थांबला, ते विचारलं. "पाण्याची पाळी चुकली व्हती," समीक्षानं सांगितलं, आणि तारखा सांगितल्या. बाईंनी अर्जावर बरोबरची खूण केली. संगणकीय विभागात दुसरी प्रवेशिकाच नव्हती.

आठवड्यानं शाळेत पत्र आलं: 'निवड झालेला प्रकल्प त्याच संगणकासह व संगणकचालकासह सांगली येथे जिल्हा प्रदर्शनात उपस्थित ठेवावा.' या पत्रावर लालासाहेबांनी लगेच सही केली.

सदर संगणकचालक आष्ट्याहून सांगलीला सायकलवर गेला. गर्दीच्या एसटीत शीटं मोडली असती.