पालकाच्या रकान्यातलं नाव

कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात मी क्लार्क आहे. मुलं ऑनलाइन अर्ज भरतात, मी कागद तपासते आणि माझ्या लॉगिनमधून अर्ज वर पाठवते किंवा दुरुस्तीसाठी परत करते. वर गेलेला चुकीचा अर्ज बाद होतो आणि त्या वर्षापुरता विषय संपतो. हे मला जितकं ठाऊक आहे, तितकं मुलांना नसतं.

माझे धाकटे दीर वारले तेव्हा त्यांची मुलगी सातवीत होती. जाऊ नाशिकजवळ मखमलाबादला झेंडू लावते आणि पहाटे पंचवटीत नेऊन विकते. रेशनकार्ड पिवळं, निराधार योजनेचे पैसे चालू. तिची मुलगी आणि माझी मुलगी बी.एस्सी.ला एकाच वर्गात. माझी क्लास लावूनही कशीबशी पास होणारी. तिची, फुलांच्या करंड्या भरून कॉलेजला येते आणि वर्गात पहिली. वर तिला फी माफ, आमची पूर्ण. नात्यातल्या बायकांपुढे मी म्हणायचे, "पोरगी हुशार आहे हो." आणि घरी येऊन माझ्या मुलीचा मोबाईल काढून घ्यायचे.

दुसऱ्या वर्षाचा पुतणीचा अर्ज उघडला आणि थांबले. आदल्या वर्षी तो माझ्या सहकारी बाईंनी भरून दिला होता. या वेळी मायलेकींनी स्वतः भरला होता. उत्पन्नाचा दाखला आईचा जोडलेला, आणि पालकाच्या रकान्यात माझ्या नवऱ्याचं नाव. व्यवसाय, नोकरी. हा अर्ज वर गेला की बाद, हे नक्की. मला काहीच करायचं नव्हतं. नेहमीसारखा पुढे पाठवायचा. कोणी मला बोल लावला नसता.

पाठवला नाही आणि परतही केला नाही. शेवटच्या तारखेला पाच दिवस होते. त्यातले तीन मी तसेच घालवले. पुतणी खिडकीशी आली. "मोठी आई, माझा अर्ज गेला का गं? पैसे नाय आले तर आई यंदा कॉलेज बंद करीन म्हणते."

"बघते," मी म्हटलं.

त्या संध्याकाळी जेवताना मी मुलीला पुन्हा तिच्या मार्कांवरून सुनावलं. ती ताटात बघत म्हणाली, "तिचं शिक्षण सुटलं तर बरं होईल. निदान तू मला तिच्या नावानं बोलायची थांबशील."

माझाच विचार तिच्या तोंडून ऐकला. तिच्या ताटात भाजी वाढली.

सकाळी ऑफिसमधून जावेला फोन लावला. "पालक म्हणून आमच्या ह्यांचं, दादांचं नाव का टाकलं?"

"मग कुणाचं टाकू ताई? घरात मोठं माणूस असताना बाईमाणसाचं नाव? लग्नाच्या पत्रिकेतबी आधी त्यांचंच छापतो आपण."

"ही पत्रिका नाही. त्यांचा पगार दिसला की पोरीचं सगळं बंद होईल."

"पगार तुमच्या घरात हाय. आमच्याकडं नुसतं नाव हाय." ती हसली. टोमणा होता की नुसती बोलून गेली, मी विचारलं नाही.

"तुझं नाव टाक. आजच. मी अर्ज परत पाठवते."

"टाकते. पण दादांना सांगू नका. म्हणतील, परकं केलं."

दुपारी अर्ज दुरुस्त होऊन आला. पालक, आई. व्यवसाय, फूलविक्री. दोनदा वाचला आणि पुढे पाठवला. यादीत नाव आलं, फी माफ झाली. निकालात पुतणी पुन्हा पहिली आली. जाऊ पेढे घेऊन आली तेव्हा मी एकच घेतला.

नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही. यंदाचे अर्ज सुरू झाल्यावर सगळ्यात आधी तिचाच उघडला आणि पालकाचं नाव बघितलं. बरोबर होतं. मार्कांचा कागदही बघितला. तिथे मात्र अजून पोटात दुखतं.