आईचे मूग आणि माझं ठिबक

आमच्या घराण्यात पदवी घेणारा पहिला माणूस मी, आणि घरचे मूग जवळजवळ संपवणाराही पहिलाच.

ते मूग आईच्या माहेरचे, रोह्याकडचे. लग्नानंतर तिने ते फडक्यात बांधून आणले आणि दर वर्षी पेरून, नवे दाणे राखेत घोळवून ती मडक्यात ठेवत आली. पद्धत साधी. भात कापल्यावर शेतात ओल असतेच. त्या ओलीवर मूग टाकायचे, वर पाणी द्यायचं नाही. आई मूठभर माती घेऊन लाडू वळून बघायची. लाडू वळला की पेरणी. हे मूग पेणच्या बाजारात विकून तिने माझी पुस्तकं घेतली, आणि त्या पुस्तकांत मी वाचलं की पद्धत सुधारायला हवी.

शेताच्या टोकाला आमचं तळं, मग बांध, आणि बांधापलीकडे धरमतरची खाडी. मी तळ्यातून ठिबकच्या नळ्या टाकल्या. कमीत कमी पाण्यात जास्तीत जास्त मूग! (हे वाक्य पुठ्ठ्यावर लिहून मी शेतात लावलंही होतं.)

"मुगानं कधी पाणी मागलंय काय रे?" आई म्हणाली.

"मागत नाहीत, पण थोडं दिलं तर जास्त पिकतात."

"बरं. दोन मुठी बियाणं मागं ठेव."

"आई, प्रयोग पूर्ण शेतात करायचा असतो."

(असं कुठल्याच पुस्तकात नाही. ते मी तिथल्या तिथे तयार केलं.) मडकं मी पालथं केलं.

सुरुवातीला मूग हिरवेगार. ओल मोजायला मी एक यंत्र आणलं होतं, त्याचा काटाही हवा तिथेच. शेजारचे धर्माकाका रोज थांबून बघायचे. त्यांची हयात मिठागरात गेली.

"पाणी मोजून देतोस व्हय?"

मी त्यांना अर्धा तास समजावून सांगायचो. तेही बिचारे ऐकून घ्यायचे.

मग पानांच्या कडा करपल्या. पाणी कमी पडतंय म्हणून मी थोडं वाढवलं. आणखी करपल्या. आणखी वाढवलं. यंत्राचा काटा मात्र मजेत होता.

शेवटी आई तळ्यावर गेली, चूळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकली.

"बाबू, खारट हाय."

"पण आई, यंत्र तर..."

"यंत्राला जीभ हाय?"

खेकड्यांनी बांधाला बिळं पाडली होती आणि उधाणाच्या भरतीला खाडी तळ्यात येत होती. शेतातली क्षारता हा प्रश्न मी परीक्षेत सोडवला होता. पुरवणी जोडून.

धर्माकाका वाकले. रोपाच्या बुडाशी साचलेला पांढरा थर बोटावर घेऊन त्यांनी चाखला.

"वैनी, पोरगा हुशार हाय. आमाला मीठ करायला खाडी आत घ्यावी लागते. यानं थेंबावर केलं."

आई हसली नाही. तिने मला एवढंच विचारलं, "मडक्यात काय ऱ्हायलंय?"

"राख."

पदर खोचून ती ओळी ओळीने शेत फिरली. शेवटच्या ओळीत तीन रोपं ताठ उभी होती, फुलावर आलेली. मी धावत गेलो. अगदीच वाया गेला नव्हता प्रयोग! मग नळी बघितली. तिथली छिद्रं गाळाने तुंबली होती. त्या तीन रोपांना माझ्या पाण्याचा थेंबही मिळाला नव्हता.

त्यांच्या शेंगा आईने वाळवून स्वतः सोलल्या. मूठसुद्धा भरली नाही. मी मडकं धुऊन पुढे केलं. तिने ते बाजूला सारलं आणि दाणे फडक्यात बांधले.

त्याला बरीच वर्षं झाली. मूग पुन्हा शेतभर होतात, ओलीवरच. बियाणं कुठे ठेवलेलं असतं हे घरात सगळ्यांना माहीत आहे. धर्माकाकांनाही. मला अजून कोणी सांगितलेलं नाही.