गाडी चावीवर चालू झाली पाहिजे

शिरड शहापुरात पुंजाजीच्या ट्रकला कुणी ट्रक म्हणत नाही, 'धक्का' म्हणतात. धक्का हळद भरून वसमतला गेला, धक्का विटा घेऊन आला, असं लोक त्याच्या तोंडावर बोलतात. एरवी कशावरही हसणारा हा माणूस, पण या एका शब्दानं त्याचं टाळकं फिरतं. फिरायलाच पाहिजे. अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या गाड्या चालवून, मालकांच्या शिव्या खाऊन त्यानं ही गाडी घेतली. जुनीच, पण स्वतःच्या नावावर. आणि घेतल्यावर पहिली खेप हळदीची नाही मारली की विटांची नाही. भीमजयंतीला बाबासाहेबांचा फोटो त्या ट्रकवर बसवून गावातून मिरवला. तेव्हापासून जयंतीला फोटो पुंजाजीच्याच ट्रकवर, हे कुणी न ठरवता ठरून गेलं होतं.

घोटाळा झाला तो मागच्या वर्षी. मिरवणूक ऐन बाजारपेठेत आली आणि ट्रक बंद पडला. चावी फिरवली की नुसतं टक. पुन्हा फिरवली, पुन्हा टक. वस्तीतल्या लोकांनी पांढऱ्या कपड्यांनिशी ट्रक ढकलला, कपड्यांना ग्रीस लागलं, आणि कुण्या शहाण्यानं त्याचा व्हिडिओ काढून तालुकाभर फिरवला.

दोष वायरींचा होता. बॅटरीपासून सेल्फला, म्हणजे स्टार्टरला, जाणारी जाड वायर आणि बॅटरीपासून चेसीसला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, जाणारी अर्थिंगची वायर, दोन्ही इतक्या थकल्या होत्या की त्यांच्यावर मूळचं रबर कमी आणि पुंजाजीनं गुंडाळलेल्या सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या जास्त. आतल्या तांब्याला हिरवी भुकटी सुटलेली. पुंजाजीला हे माहीत नव्हतं असं नाही. पण गाडी उतारावर उभी करायची, गिअरात टाकून सोडायची, की चालू. ज्याचं असं भागतं तो वायर कशाला बदलेल? आज बदलू, उद्या बदलू करत वर्ष गेलं, आणि जयंतीच्या तोंडावर रविंद्र घरी आला.

रविंद्र हा त्याचा सख्खा पुतण्या. शाळेत मास्तर आणि यंदा जयंती समितीचा अध्यक्ष. त्यानं चहा घेतला, चतुराकाकूच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि कप खाली ठेवून म्हणाला, "काका, फोटो तुमच्याच गाडीवर. पण चौदा तारखेला सकाळी गाडी माह्यासमोर चावीवर चालू झाली पाहिजे. न्हाई झाली तर ट्रॅक्टर सांगून ठेवलाय."

पुंजाजीच्या अंगाचा तिळपापड झाला. या पोराला लहानपणी खांद्यावर बसवून मिरवणूक दाखवली ती उगीचच, असं त्याला वाटलं. पण बोलणार काय? पोराचं चुकत कुठं होतं?

मग मात्र त्यानं कंबर कसली. दोन्ही वायरी सोडून फेकून दिल्या. त्या निघाल्याच आहेत तर गाडीला रंग देऊन घेऊ म्हणाला. काचकागदानं गंज खरवडला आणि गाडी निळी केली. नुसती बॉडी नाही, खालची चेसीससुद्धा, पाठीवर झोपून, स्वतःच्या हातानं, दोन हात मारून. बायकोनं, चतुराबाईनं, विचारलं की तिथं खाली कोण बघणार आहे. तो म्हणाला, जयंतीची गाडी आहे, वरून निळी आन् खालून काळी चालत न्हाई. रंग वाळला तेव्हा ट्रक असा दिसत होता की पुंजाजी उगाचच त्याच्याभोवती दोन चकरा मारून आला.

मग सुतळीनं माप घेऊन तो जवळा बाजारला रतनसिंगकडं गेला. रतनसिंगचं तिथं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान. त्यानं चांगल्या जाड वायरी कापून, टोकांना बोल्टात अडकवायच्या कड्या, थिंबल, दाबून दिल्या आणि बजावलं की लावण्याआधी जागा घासून घे, "लोहा लोहे को लगना मंगता." पुंजाजीनं मान हलवली. ज्याच्या हाताला जन्मभर ग्रीस लागलंय त्याला हे सांगायला लागतं काय!

त्यानं बॅटरीची टर्मिनल घासूनघासून चांदीसारखी केली. सेल्फवरचा बोल्ट घासला. अर्थिंगच्या जागेवर तर नवा कोरा रंग होता, ती त्यानं स्वच्छ फडक्यानं पुसली. वायरी आवळल्या. चावी फिरवली.

टक.

दिवे लागत होते, हॉर्न वाजत होता, पण सेल्फची पाळी आली की टक. त्यानं सगळं सोडून पुन्हा आवळलं. एक नट निसटून चेसीसच्या पोटात गेला, तो काढता काढता कोपराचं सालटं गेलं. बॅटरी शेजारच्या गाडीला लावून पाहिली, ती गाडी मुकाट चालू झाली. सेल्फ खोलला, झाडला, बसवला. वर रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण थांबून अक्कल वाटत होता. उकंडरावनं बॅटरीच बाद ठरवली. सुदामनं बॉनेटमध्ये डोकं घालून डिझेलमध्ये पाणी असल्याचा शोध लावला. रंग लई झ्याक दिलाय, असं मात्र सगळ्यांनी सांगितलं. पुंजाजीनं रतनसिंगला फोनवर नको ते ऐकवलं आणि मग आपण चुकीचं बोललो म्हणून स्वतःवरच चिडला. चतुराबाईनं जेवायला हाक मारली तर तिच्यावर खेकसला. ती म्हणाली, "माह्यावर काहून वरडून राहिले? म्या थोडीच बंद पाडली?"

चौदा तारखेला सकाळी रविंद्र आला. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, खिशाला निळी फीत. पुंजाजीनं चावी फिरवली. टक. रविंद्र अजून एकदा बघा म्हणाला. अजून एकदा टक. "ऱ्हाऊ द्या काका," एवढंच म्हणून तो निघाला. चार शब्द वाईट बोलला असता तर बरं वाटलं असतं.

तो वळला तसा पुंजाजीनं हातातला पाना गाडीवर भिरकावला. आयुष्यात त्यानं या गाडीला कधी काही फेकून मारलं नव्हतं. पाना चेसीसवर आदळला, निळ्या रंगाचा पोपडा उडाला आणि खाली लखलखीत लोखंड दिसलं. पुंजाजी त्याच्याकडं बघतच राहिला. वायर लोखंडाला लागलीच नव्हती. ती त्याच्या रंगाला लागली होती. दोन हात मारलेल्या, फडक्यानं पुसलेल्या रंगाला.

अर्थिंगचा बोल्ट सोडून त्यानं तिथला रंग खरवडला. स्वतः दिलेला रंग खरवडताना जीवावर आलं, पण खरवडला. वायर आवळली, चावी फिरवली आणि गाडी अशी धडाडली की चतुराबाई हातातलं पीठ घेऊन बाहेर आली. तिला तसंच केबिनमध्ये बसवून तो विहाराकडं सुटला.

तिथं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर फोटो बसला होता, हार पडले होते, वंदना झाली होती. वंदना झाल्यावर फोटो हलवायचा नसतो. हे कुणी सांगायची गरज नव्हती, दुसऱ्या कुणी हलवायला काढला असता तर पुंजाजीच आडवा आला असता. रविंद्र जवळ आला. गाडीचा आवाज त्यानं ऐकला होता. त्याचा चेहरा पडला. "काका, मागं लावता का? म्हाताऱ्या बायांना चालवत न्हाई." पुंजाजीनं मान हलवली. गाडी ट्रॉलीच्या मागं नेऊन लावली.

संध्याकाळी मिरवणूक निघाली. पुढं ट्रॅक्टर, मागं म्हाताऱ्या भरलेला निळा ट्रक. फोटो मागून चालणाऱ्यांना दिसावा म्हणून ट्रॉलीत मागं तोंड करून बसवला होता. इतक्या जयंत्या झाल्या, पण फोटो कायम पुंजाजीच्या पाठीमागं असायचा. मिरवणूकभर तो समोर दिसण्याची ही पहिलीच वेळ.

राग काही गेला नव्हता. मिरवणूक जिथं थांबे तिथं तो चावी फिरवून गाडी बंद करी आणि निघायच्या वेळी चालू करी. गाडी दर वेळी एका चावीत चालू होई. पुढं डीजे असा दणकत होता की सेल्फचा आवाज शेजारच्यालाही जाऊ नये. बाजारपेठ आली. मागच्या वर्षीच्या त्याच जागी त्यानं गाडी बंद केली, चालू केली. एकानंही मान वळवली नाही.

चतुराबाईला राहवलं नाही. "सारखी बंद-चालू काहून करून राहिले? बघतंय कोण?"

पुंजाजीनं हनुवटीनं समोरच्या फोटोकडं दाखवलं. मग ट्रॅक्टर पुन्हा थांबला, आणि त्यानं पुन्हा चावी बंद केली.